काटो-कॅट्झवर हुकवर्म शून्य, फॉर्मॉल-इथरमध्ये मात्र अंडी: नेमकं कुठे बिनसतंय?

लालमाती

नमस्कार मंडळी. पालघर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमध्ये ६ ते १४ वयाच्या मुलांचं कृमी-सर्वेक्षण करायचं आहे. ऑगस्टच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाआधी एकदा शौचाचे नमुने घ्यायचे, अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ. दिल्यावर त्याच मुलांचे पुन्हा घ्यायचे, असा आराखडा आहे. प्रबंध कम्युनिटी मेडिसिनचा आहे, नमुने मायक्रोबायोलॉजी विभागात वाचले जातील.

मुख्य काम सुरू करण्याआधी थोड्या नमुन्यांवर रंगीत तालीम घेतली, त्यात एक गोष्ट खटकते आहे. डबे सकाळी ७ ते ९ मध्ये गोळा होतात. गाडी कॉलेजात पोचायला १२-१२.३० होतात. जेवणानंतर सगळ्या नमुन्यांच्या काटो-कॅट्झ स्लाइड (मोजक्या शौचाचा थर काचेवर सेलोफेनखाली दाबून अंडी मोजायची पद्धत) बनवतात आणि बनवून झाल्या की एकत्र वाचायला घेतात. एस्केरिस (गोल जंत) नीट मिळतो, एकाच नमुन्याच्या दोन स्लाइडींचे आकडेही बऱ्यापैकी जुळतात. हुकवर्म (अंकुशकृमी) मात्र जवळजवळ नाहीच. आता गंमत अशी की त्याच नमुन्यांचा थोडा भाग शाळेतच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकून ठेवला होता. त्यावर फॉर्मॉल-इथर (इथर मिसळून, मशीनमध्ये फिरवून अंडी तळाशी जमवायची पद्धत) केलं तर बऱ्याच मुलांत हुकवर्मची अंडी स्पष्ट दिसली.

म्हणून विचारायचं ते असं. हा फरक कशामुळे? मुख्य तपासणी म्हणून कोणती पद्धत धरावी? गोळीनंतर दुसरा नमुना किती दिवसांनी घ्यावा आणि मुलं किती लागतील? आणि आमच्या गाइडना पीसीआर (जंताचा डीएनए शोधणारी तपासणी) हवंच आहे, ते खरंच गरजेचं आहे का?

काचपट्टी

लालमाती, उत्तर तुमच्या कामाच्या क्रमातच आहे. मुलांच्या पोटात हुकवर्म आहेत, पण तुम्ही स्लाइड वाचायला बसता तोवर अंडी दिसेनाशी झालेली असतात.

काटो-कॅट्झमध्ये ग्लिसरीनचं काम एकच: शौचाचा थर पारदर्शक करणं. एस्केरिसच्या अंड्याला जाड कवच आणि वरून खडबडीत आवरण असतं, ट्रायक्युरिस या चाबूककृमीचं कवचही दणकट. ग्लिसरीन त्यांना तासन्‌तास काही करत नाही, उलट तासाभराने ती जास्त स्वच्छ दिसतात. हुकवर्मचं कवच अगदी पातळ. सेलोफेन दाबल्यापासून ३० मिनिटांत, फार तर ६० मिनिटांत वाचलं नाही, तर अंडंही आजूबाजूच्या मळाइतकंच पारदर्शक होतं, मग आकसतं आणि नजरेतून निसटतं. सगळ्या स्लाइड बनवून मग वाचायला बसलात, की ढिगातल्या पहिल्या स्लाइडींवरचा हुकवर्म गेलाच म्हणून समजा. खात्री करायची असेल तर हुकवर्म पॉझिटिव्ह असलेल्या ताज्या नमुन्याची एक स्लाइड बनवा आणि तीच २०, ४०, ६०, ९० आणि १२० मिनिटांनी मोजा. उतरता आलेख कागदावर येईल. तो प्रबंधातही घाला, परीक्षक विचारतातच.

दुसरं कारण गाडीतले तीन-चार तास. उबदार हवेत हुकवर्मच्या अंड्याची वाढ शौचातच सुरू होते आणि २४ ते ४८ तासांत अळी बाहेर पडते. त्याच्या कितीतरी आधी मोजता येणारी अंडी कमी होऊ लागतात. आफ्रिकेतल्या एका अभ्यासात शौच झाल्यापासून ३ तासांपुढे उशीर झाला तर हुकवर्म सापडण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं, एस्केरिसवर मात्र तसा परिणाम दिसला नव्हता. तुमचं चित्र याच्याशी तंतोतंत जुळतं.

फॉर्मॉल-इथरमध्ये अंडी दिसली त्याची कारणं दोन. शाळेतच फॉर्मॅलिन पडल्यामुळे अंडी होती त्या अवस्थेत थांबली. आणि तिथे तुम्ही साधारण १ ग्रॅम शौच गाळून एका तळाशी आणता, काटो-कॅट्झच्या स्लाइडवर मात्र ४१.७ मिलिग्रॅमच असतं. म्हणूनच तर मोजलेल्या अंड्यांना २४ ने गुणून ग्रॅममागची अंडी, म्हणजे ईपीजी, काढतो.

आता उपाय. स्लाइड शाळेतच बनवा आणि तिथेच वाचा. बॅटरीवर चालणारा एलईडी मायक्रोस्कोप असला तर वीज गेली तरी काम अडत नाही. एक जण स्लाइड बनवणारा, दोघे वाचणारे. हुकवर्मसाठी १०च्या ऑब्जेक्टिव्हवर पूर्ण थर नांगरटीसारखा आडवा-उभा वाचायला साधारण ६ मिनिटं धरा, म्हणजे अर्ध्या तासात एका माणसाच्या ५ स्लाइड होतात. म्हणून एका वाचकामागे एका वेळी पाचच स्लाइड बनवायच्या, त्या संपल्याशिवाय पुढच्या पाच नाहीत. सेलोफेन दाबलं त्या क्षणाची वेळ मार्करने स्लाइडच्या कडेला लिहायची. वेळ न लिहिलेल्या स्लाइडचा हुकवर्मचा आकडा मी तरी धरणार नाही. या फेरीत फक्त हुकवर्म मोजा. एस्केरिस आणि ट्रायक्युरिससाठी त्याच स्लाइड दुपारी निवांत वाचा.

डबा गोळा झाल्यापासून स्लाइड होईपर्यंत सावलीत, आइसपॅक असलेल्या थर्मोकोलच्या पेटीत ठेवा. डबा आइसपॅकला चिकटू देऊ नका, मध्ये पुठ्ठा घाला. नमुना गोठवायचा अजिबात नाही.

स्लाइड बनवताना काय बिघडतं तेही लिहितो, कारण आकड्यातला निम्मा फरक इथून येतो. सेलोफेनच्या पट्ट्या १०० मिली ग्लिसरीन, १०० मिली डिस्टिल्ड वॉटर आणि ३ टक्के मॅलाकाइट ग्रीन १ मिली या मिश्रणात निदान २४ तास आधी भिजत घाला. सकाळी भिजवून दुपारी वापरल्या तर थर असमान साफ होतो. नायलॉनची जाळी शौचावर दाबून वरून खरवडायचं, म्हणजे चोथा खाली राहतो. टेम्प्लेटचं, म्हणजे मापाच्या पट्टीचं, छिद्र काठोकाठ भरायचं आणि वरून सपाट करायचं. आत हवेची पोकळी राहिली तर वजन ४१.७ मिग्रॅ. राहत नाही आणि २४ ने गुणणं फोल ठरतं. टेम्प्लेट सरळ वर उचला. सेलोफेन ठेवून स्लाइड उलटी करून गुळगुळीत फरशीवर एकसारखी दाबा. छापील कागदावर ठेवल्यावर खालची अक्षरं वाचता आली की थर बरोबर. मग स्लाइड बाजूला सरकवत उचलायची. सरळ वर खेचली तर सेलोफेन सुटतं. जाळी आणि टेम्प्लेट परत वापरणार असाल तर प्रत्येक नमुन्यानंतर डिटर्जंटने ब्रश मारून धुवा. एस्केरिसची अंडी चिकट असतात, आधीच्या मुलाची अंडी पुढच्या मुलाच्या नावावर चढतात. पातळ जुलाबाचा किंवा फॉर्मॅलिनमधला नमुना या पद्धतीला चालत नाही.

आकडेमोड

काचपट्टींनी प्रयोगशाळेचं सगळं सांगितलंय, मी मोजणीबद्दल लिहितो.

एका स्लाइडवर एक अंडं म्हणजे २४ ईपीजी. याच्याखाली ही पद्धत आंधळी आहे. समजा एखाद्या मुलाची खरी संख्या २४ ईपीजीच आहे. मग एका स्लाइडवर सरासरी एक अंडं अपेक्षित, आणि निव्वळ योगायोगाने शून्य येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के. दोन स्लाइड केल्या तरी १३-१४ टक्के मुलं निसटतात. हे अंडी शौचात एकसारखी मिसळली आहेत असं धरून. प्रत्यक्षात ती पुंजक्यांनी असतात, त्यामुळे निसटणं याहून जास्तच. २०१५ पासून जंतनाशक दिनाच्या फेऱ्या चालू आहेत, त्यामुळे बऱ्याच मुलांत संसर्ग हलका असेल, आणि तिथेच ही पद्धत कमी पडते. एकाच डब्यातून दोन स्लाइड करण्यापेक्षा दोन वेगळ्या दिवसांच्या नमुन्यांची एकेक स्लाइड जास्त कामाची, कारण अंडी दिवसागणिक कमीजास्त होतात.

दुसरा नमुना १४ ते २१ दिवसांनी घ्या. त्याआधी घेतला तर गोळीतून वाचलेल्या मादीने अंडी घालणं तात्पुरतं थांबवलेलं असू शकतं, गोळी आहे त्यापेक्षा गुणकारी दिसते. फार उशीर केला तर गोळीच्या वेळी अपक्व असलेले जंत वयात येऊन अंडी घालू लागतात, आणि आणखी उशिराने नवा संसर्गही मिसळतो. हुकवर्मची अळी शरीरात शिरल्यापासून शौचात अंडी यायला ५ आठवडे किंवा जास्त लागतात, एस्केरिसला २-३ महिने. म्हणजे १४-२१ दिवसांत जी अंडी दिसतील ती गोळीतून वाचलेल्या जंतांचीच.

गोळीचा गुण मोजायचा तो अंडी-घट टक्केवारीने, नुसत्या 'बरे झालेल्या' मुलांच्या आकड्याने नाही. आधीची सरासरी १,२०० ईपीजी आणि नंतरची ९६ असेल तर घट ९२ टक्के. सरासरी साधी अंकगणिती घ्या. भूमितीय सरासरी घेतली की मोठे आकडे दबतात, आणि जंतांचा मोठा वाटा तर थोड्याच मुलांच्या पोटात असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीप्रमाणे अल्बेंडाझोलच्या एका मात्रेनंतर घट एस्केरिससाठी निदान ९५ टक्के, हुकवर्मसाठी ९० आणि ट्रायक्युरिससाठी ५० टक्के हवी. त्याखाली दहा टक्क्यांच्या पट्ट्यात आली तर संशयास्पद, त्याहूनही खाली तर काळजीचं. नुसती एक टक्केवारी लिहून थांबू नका, विश्वासमर्यादा (खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये असावा ती टोकं) द्या. मुलागणिक बूटस्ट्रॅप (त्याच यादीतून पुन्हा पुन्हा चिठ्ठीने मुलं निवडून आकडा परत काढणं) केलंत तर पुरे.

मुलं किती? प्रत्येक जंतासाठी आधी पॉझिटिव्ह असलेली निदान ५० मुलं दुसऱ्या फेरीतही मिळाली पाहिजेत. आश्रमशाळेतून मुलं घरी जातात, पाचातलं एक गळेल असं धरा, म्हणजे ६३ पॉझिटिव्ह. हुकवर्मचं प्रमाण १५ टक्के निघालं तर ४२० मुलं तपासावी लागतील. पायलटच्या काटो-कॅट्झवरून प्रमाण धरू नका, तो आकडा वर सांगितलेल्या कारणाने खोटा आहे.

एक सापळा इथे बरेच जण ओळखत नाहीत. ज्या स्लाइडवरून मूल पॉझिटिव्ह ठरवलं तीच 'आधीची' मोजणी धरली, तर त्या दिवशी योगायोगाने जास्त अंडी सापडलेली मुलंच निवडली जातात. दुसऱ्यांदा मोजताना आकडा आपोआप खाली येतो आणि श्रेय गोळीला मिळतं. म्हणून एका दिवसाच्या नमुन्यावर मूल निवडा आणि दुसऱ्या दिवसाच्या नमुन्यावर आधीची मोजणी करा. दोन दिवसांचे नमुने घ्यायला हे आणखी एक कारण.

सह्याद्री_लॅब

पीसीआरबद्दल. तुमचा प्रश्न 'गोळीने अंडी किती घटली' एवढाच असेल तर पीसीआरशिवाय प्रबंध उत्तम होतो. ग्रॅममागे अंडी हे सगळ्यांना कळणारं एकक आहे. पीसीआरच्या सीटी आकड्यावरून (कितव्या चक्रात डीएनए दिसला तो आकडा) अंड्यांचा अंदाज काढता येतो, पण प्रयोगशाळेगणिक तो बदलतो.

मात्र दोन ठिकाणी पीसीआरला पर्याय नाही. पहिलं, संसर्ग अगदी कमी झालेल्या भागात 'आता प्रसार थांबला का' हे ठरवताना. तमिळनाडू, मलावी आणि बेनिन इथे झालेल्या डीवर्म३ या मोठ्या चाचणीत प्रत्येक देशात ४० गट पाडले होते. निम्म्या गटांत फक्त मुलांऐवजी सगळ्या वस्तीला वर्षातून दोनदा, तीन वर्षं गोळी दिली, आणि प्रसार थांबल्याची कसोटी पीसीआरवर ठेवली होती, कारण त्या पातळीवर मायक्रोस्कोप पुरत नाही. दुसरं, हुकवर्मची जात ओळखताना. नेकेटर, अँकायलोस्टोमा ड्युओडेनाले आणि कुत्र्या-मांजरांकडून माणसात येणारा अँकायलोस्टोमा सेलॅनिकम, या तिघांची अंडी मायक्रोस्कोपखाली वेगळी करता येत नाहीत. शाळेच्या आवारात मोकळी कुत्री असतील तर हा प्रश्न महत्त्वाचा, कारण मुलांना गोळी देऊनही कुत्र्यांकडून संसर्ग येत राहू शकतो. जातीप्रमाणे रक्त जाण्यातही फरक आहे. नेकेटरचा एक जंत रोज साधारण ०.०३ मिली रक्त पितो, ड्युओडेनाले त्याच्या पाचपट किंवा जास्त. हिमोग्लोबिनही तपासणार असाल तर हे ध्यानात घ्या.

मधला मार्ग म्हणजे पॉझिटिव्ह नमुन्यांचा थोडा भाग ९५ टक्के इथेनॉलमध्ये आत्ताच ठेवून द्या. पैसे मिळाले की पुढे करता येईल. फॉर्मॅलिनमधला नमुना पीसीआरला वाया जातो, त्यामुळे दोन वेगळ्या कुप्या लागतील. डीएनए काढताना बारीक मण्यांबरोबर जोरात हलवून अंड्याचं कवच फोडण्याची पायरी वगळू नका. ती वगळली की ट्रायक्युरिस आणि एस्केरिस कमी दिसतात. शौचातले घटक पीसीआरची अभिक्रिया अडवतात, म्हणून प्रत्येक नमुन्यात अंतर्गत कंट्रोल (मुद्दाम घातलेला ओळखीचा डीएनए) घालाच. तो उमटला नाही तर निकाल 'निगेटिव्ह' लिहायचा नाही, 'अवैध' लिहायचा.

काटो-कॅट्झला जोड हवी असेल तर मिनी-फ्लोटॅकचा विचार करा. नेपल्समध्ये विकसित झालेलं हे साधन, सेंट्रिफ्यूज लागत नाही. २ ग्रॅम शौच ३८ मिली संपृक्त मिठाच्या द्रावणात कालवायचं, गाळून १ मिलीच्या दोन कप्प्यांत भरायचं, १० मिनिटं थांबायचं, वरचा भाग फिरवायचा आणि वाचायचं. दोन्ही कप्पे मिळून ०.१ ग्रॅम वाचला जातो, म्हणून १० ने गुणायचं. हुकवर्मची अंडी मिठाच्या द्रावणावर छान तरंगतात. द्रावणाची घनता हायड्रोमीटरने १.२० आहे ना ते रोज बघा. तळाशी न विरघळलेलं मीठ दिसतंय म्हणून द्रावण बरोबर असेलच असं नाही. एस्केरिसची अफलित अंडी जड असतात, या द्रावणावर ती तरंगत नाहीत, एवढी या पद्धतीची मर्यादा.

गावदवाखाना

सर्वेक्षणाचं गणित कितीही बरोबर असो, गोळी खरंच पोटात गेली का हे कळलं नाही तर सगळं अधांतरी. रजिस्टरमध्ये 'गोळी दिली' अशी खूण असते, ती हातात दिल्याची असू शकते. अभ्यासातल्या मुलांना तुमच्या माणसासमोर चावून खाऊ द्या आणि तुमच्या यादीत वेळेसह नोंद करा. त्या दिवशी ताप असलेल्या, आजारी मुलाला गोळी देऊ नका. त्याला नंतरच्या मॉप-अप दिवशी द्या आणि त्याचे १४-२१ दिवस तिथून मोजा. शाळेला जोडून अंगणवाडी असेल तर तिथला नियम वेगळा: १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, म्हणजे २०० मिग्रॅ., चुरून पाण्यात. २ ते ३ वर्षांना पूर्ण गोळी, पण तीही चुरूनच. रडणाऱ्या बाळाच्या तोंडात कोंबायची नाही, ठसका लागून श्वास अडकतो. जास्त जंत असलेल्या एखाद्या मुलाला गोळीनंतर पोटदुखी, मळमळ होते. शिक्षकांना आधी सांगून ठेवलंत तर गावात अफवा पसरत नाही.

हत्तीरोग मोहिमेचं विसरू नका. त्या मोहिमेतही डीईसी या हत्तीरोगाच्या औषधाबरोबर अल्बेंडाझोल असतं, आणि जिथे तीन औषधांची पद्धत आहे तिथे आयव्हरमेक्टिनही. नागपूरमध्ये ती २०१९ च्या सुरुवातीला आली. पूर्व विदर्भातल्या गडचिरोली, भंडारा, गोंदिया अशा भागात कोणी असं सर्वेक्षण करत असेल तर हा घटक फारच मोठा. तुम्हीही जिल्हा हिवताप कार्यालयातून तुमच्या तालुक्याला शेवटची फेरी झाली होती का आणि कधी, हे लेखी घ्या. महिनाभरापूर्वी मुलांनी अल्बेंडाझोल खाल्लेलं असेल तर तुमची 'आधीची' मोजणी ही आधीची नाहीच.

ट्रायक्युरिस निघाला तर निकाल बघून दचकू नका. अल्बेंडाझोलच्या एका मात्रेने एस्केरिसचे ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण पूर्ण बरे होतात, हुकवर्मचे सुमारे ८०, ट्रायक्युरिसचे मात्र ३० टक्केच. ती औषधाला आलेली प्रतिकारशक्ती नाही, औषध मुळातच त्या जंतावर कमजोर आहे. आयव्हरमेक्टिन जोडलं की लाओस आणि टांझानियातल्या पेंबा बेटावर गुण बराच वाढला, आयव्हरी कोस्टमध्ये जवळपास नाही. म्हणून बाहेरचा आकडा उचलून आपल्याकडे लावण्याआधी इथल्या मुलांत मोजायला हवं. तुमच्यासारख्या अभ्यासांची गरज आहे ती यासाठीच, आणि म्हणून ते नीट व्हावेत असं मनापासून वाटतं.

लालमाती

सगळ्यांचे मनापासून आभार. शाळेतच वाचायचं ठरवतो. तीन शंका उरल्या. एक, काही जुन्या नमुन्यांत बारीक अळ्या वळवळताना दिसल्या, त्यांना हुकवर्म धरायचं का? दोन, वापरलेल्या जाळ्या आणि स्लाइड हायपोक्लोराइटमध्ये बुडवून टाकल्या तर चालतील ना? तीन, गुणवत्तेसाठी १० टक्के स्लाइड दुसऱ्या तज्ज्ञाकडून वाचून घ्यायच्या आहेत. ते मॅडम कॉलेजात संध्याकाळी करतील म्हणतात.

सह्याद्री_लॅब

अळ्यांचं: ताज्या नमुन्यात अळी असेल तर बहुधा स्ट्राँगिलॉइडिस हा वेगळा जंत, शिळ्या नमुन्यात असेल तर दोन्हीपैकी काहीही. ४०च्या ऑब्जेक्टिव्हवर तोंडाकडची नळी बघा. हुकवर्मच्या पहिल्या अवस्थेतल्या अळीत ती लांब असते, स्ट्राँगिलॉइडिसमध्ये अगदी आखूड. शरीराच्या मध्याजवळचा जननांगाचा अंकुर स्ट्राँगिलॉइडिसमध्ये ठळक दिसतो, हुकवर्ममध्ये बारीक, शोधावा लागतो. अळी वळवळत असेल तर आयोडीनचा एक थेंब टाका, थांबते आणि भागही उठून दिसतात. ही नोंद वेगळ्या रकान्यात ठेवा, ईपीजीमध्ये मिसळू नका. स्ट्राँगिलॉइडिस निघाला तर त्या मुलाला अल्बेंडाझोलची एक मात्रा पुरणार नाही, आयव्हरमेक्टिन २०० मायक्रोग्रॅम प्रतिकिलो लागतं. बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा, विशेषतः स्टिरॉइड चालू असलेलं मूल असेल तर तातडीने. काटो-कॅट्झ या जंतासाठी उपयोगाची नाही. शोधायचाच असेल तर बेअरमन किंवा अगार प्लेट (जिवंत अळी शौचातून बाहेर येऊ देऊन शोधायच्या पद्धती), आणि त्यासाठी नमुना फ्रिजमध्ये न ठेवलेला हवा, कारण अळी जिवंत लागते. म्हणजे आइसपॅकच्या पेटीत जाण्याआधीच त्याचा भाग वेगळा काढावा लागेल.

काचपट्टी

हायपोक्लोराइटवर विसंबू नका. एस्केरिसच्या अंड्याचं बाहेरचं खडबडीत आवरण त्याने निघतं, आतलं अंडं जिवंत राहतं. प्रयोगशाळेत अंडी साफ करायला मुद्दाम हे वापरतात, म्हणजे बघा. उष्णता हाच खात्रीचा मार्ग. जाळ्या आणि टेम्प्लेट उकळत्या पाण्यात घाला, प्लास्टिक वाकत असेल तर एकदाच वापरा. नमुन्यांचे डबे आणि काचा ऑटोक्लेव्ह करूनच जैववैद्यकीय कचऱ्यात द्या. हातमोजे सुरुवातीपासूनच घाला. एस्केरिसचं ताजं अंडं लगेच बाधत नाही, मातीत दोन-तीन आठवडे मुरावं लागतं, हे खरं. पण टीनिया सोलियम आणि हायमेनोलेपिस नाना या पट्टकृमींची अंडी शौचाबरोबर पडतात तेव्हाच बाधक असतात, आणि डबा उघडण्याआधी आत काय आहे ते कळत नाही.

फॉर्मॉल-इथर चालू ठेवणार असाल तर इथरऐवजी इथाइल अ‍ॅसिटेट घ्या, आगीचा धोका बराच कमी. ७ मिली फॉर्मॅलिनमध्ये १ ग्रॅम, गाळून ३ मिली इथाइल अ‍ॅसिटेट, झाकण लावून अर्धा मिनिट जोरात हलवायचं आणि झाकण हळूच सैल करून दाब सोडायचा. मग ५०० जी वर ५ मिनिटं. 'जी' म्हणजे फेरे नव्हेत. रोटरची त्रिज्या १५ सेंमी असेल तर मिनिटाला सुमारे १,७३० फेरे, १० सेंमी असेल तर २,११५ च्या आसपास. दुसऱ्याच्या प्रबंधातले फेरे आपल्या मशीनवर लावले की तळाशी अंडी कमी बसू शकतात. मधला चोथ्याचा थर काडीने कडेपासून मोकळा करून एकाच झटक्यात ओता. थांबत थांबत ओतलं तर चोथा परत तळात मिसळतो.

फेरतपासणी संध्याकाळी चालेल, पण फक्त एस्केरिस आणि ट्रायक्युरिससाठी. हुकवर्मसाठी त्या स्लाइडवर तोवर काही उरलेलं नसतं. मॅडम शून्य वाचतील आणि तुमचा सकाळचा वाचक चुकीचा ठरेल. हुकवर्मची फेरतपासणी तिथेच, त्याच अर्ध्या तासात, दुसऱ्या मायक्रोस्कोपवर व्हायला हवी: दर दहावी स्लाइड पहिल्याने वाचून झाली की लगेच शेजारच्याकडे सरकवायची, आकडा न सांगता. म्हणून त्या पाचाच्या गटात फेरतपासणीची स्लाइड पहिली ठेवा, शेवटची नको.

आकडेमोड

यात भर एवढीच की दोन वाचकांचं जुळतं-न-जुळतं आधीच लिहून ठेवा. अंडी १०० पर्यंत असतील तर फरक १० अंड्यांपेक्षा जास्त नको, १०० च्या वर असतील तर २० टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि एकाला अंडी दिसली नि दुसऱ्याला एकही नाही, तर आकडा कितीही छोटा असो, दोघांनी एकत्र बसून स्लाइड पुन्हा बघायची. पालकांची संमती आणि ७ वर्षांवरच्या मुलांचा होकार यांच्या अर्जात दोन दिवसांच्या नमुन्यांचा उल्लेख आत्ताच घाला. नीतिमत्ता समितीकडे अर्ज गेल्यावर तो बदलायला वेळ जातो, आणि ऑगस्ट तुमच्यासाठी थांबणार नाही.